बावीस खांब

सातपुडा कुणी बोडका केला, या प्रश्नाचं उत्तर मला शाळेत असल्यापासून पाठ होतं. आमच्या तळोद्यात ते कुणाला शिकवावं लागत नाही. संध्याकाळी ओट्यावर माणसं बसलेली असायची, उत्तरेला डोंगरांची रांग दिसत असायची आणि होळीच्या पुढेमागे तिच्यावर वणव्याची लाल माळ पेटली की कुणीतरी म्हणायचंच, “लावली बघा आग. जंगल खाल्लं यांनी.” ‘यांनी’ म्हणजे कुणी, हे विचारायची गरज नसे. जे वर राहतात ते. जे मंगळवार-बुधवार न बघता पायी खाली उतरतात, आमच्या दुकानातून मीठ-मिरची घेतात, आमच्या शेतात कापूस वेचतात आणि परत वर जातात ते.

मी या वाक्यासह मोठा झालो. शिकलो, नोकरीला लागलो, पर्यावरणावर चार पुस्तकं वाचली, आणि त्या वाक्याला शुद्ध भाषेचा सदरा चढवला. ‘यांनी जंगल खाल्लं’ऐवजी ‘अतिक्रमणामुळे वनाच्छादन घटलं’ असं म्हणू लागलो. आत तेच होतं.

वनहक्क कायदा 2006 साली झाला आणि 2008पासून अमलात आला, तेव्हा तर मी एका दैनिकाला लांबलचक पत्रच लिहिलं. 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसत असेल त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळणार, अशी ती तरतूद होती. डोंगरातल्या या शेतीला आमच्याकडे नेवाड म्हणतात आणि ती कसणाऱ्याला नेवाडदार. माझ्या पत्राचा सूर असा होता, की चोरी वर्षानुवर्षं केली म्हणजे ती मालकी होते काय? पत्र छापून आलं. दोन-तीन ओळखीच्यांनी रस्त्यात थांबवून पाठ थोपटली. कात्रण अजून फायलीत आहे. आता वाचताना त्यातलं मत जितकं खुपतं त्याहून त्यातला आत्मविश्वास जास्त खुपतो. नेवाड म्हणजे काय ते मी तोवर रस्त्यावरून, गाडीच्या काचेतून पाहिलेलं होतं. कुणा नेवाडदाराशी त्या विषयावर एक वाक्यही बोललेलो नव्हतो. तरी पत्र कसं झरझर लिहून झालं होतं.

अस्तंब्याचा डोंगर मला ठाऊक होता, असं मी समजत होतो. 1325 मीटर उंचीचा, महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या सातपुड्यातला सगळ्यात उंच. धनत्रयोदशीला तिथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते. कपाळावरची जखम घेऊन तो अजून या डोंगरात फिरतो, वाटसरूकडे तेल मागतो, अशी श्रद्धा. तळोद्यातून जथे निघतात, गुजरात-मध्य प्रदेशातूनही माणसं येतात, आणि चढाई बहुतेक रात्रीची असते. मीही पोरवयात गेलो होतो. हातात मशाल, पुढच्याच्या टाचेवर नजर, घोषणा, दम, पहाटे शिखर, की उतरलो. गंमत अशी, की आमच्यापैकी निम्म्यांनी हा डोंगर फक्त अंधारात चढलेला आहे. त्यातून दिवाळी म्हणजे पावसाळा नुकताच सरलेला, गवत कमरेएवढं, सगळं हिरवं. त्या डोंगराच्या अंगावर काय आहे आणि काय नाही, ते आम्ही कधी बघितलेलंच नव्हतं.

उन्हाळ्यात जायची टूम निघाली ती नाशिकला नोकरी करणाऱ्या मित्रामुळे. सुट्टीत घरी आला होता, कळसूबाई वगैरे करून आलेला, बूट-काठी-पाठपिशवी असा सगळा सरंजाम. म्हणाला, “आपल्या दाराशी एवढा डोंगर आणि आपण दिवसाउजेडी गेलो नाही? लाज वाटते.” एप्रिलच्या अखेरीस अस्तंबा चढायचा म्हणजे वेडेपणा, असं घरच्यांचं एकमुखी मत पडलं, आणि मग तर जाणं भागच होतं. आम्ही चौघे निघालो: हा नाशिकवाला, एक मेडिकल दुकानवाला, अक्राणी तालुक्यात बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेले एक मास्तर आणि मी. मास्तर वयाने आमच्यापेक्षा थोडे मोठे. बोलतात कमी. वर त्यांना सगळे ओळखतात.

पहाटे अंधारातच गाडी काढली. चांदसैली घाटात उजाडलं. या घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात. 2021च्या सप्टेंबरात अशीच दरड येऊन रस्ता बंद पडला, तेव्हा एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन घाट उतरायला निघाला आणि ती वाटेतच गेली. बातमी तेव्हा राज्यभर गाजली होती. मास्तरांनी ती जागा साधारण कुठे ते हाताने दाखवलं. आम्ही “अरेरे” म्हटलं. मग नाशिकवाल्याने उगवत्या सूर्याचे फोटो काढले. मीही काढले.

घाटात ठिकठिकाणी झाडाखाली काळी वर्तुळं दिसत होती. गवत-पाला जाळून जमीन साफ केलेली. मेडिकलवाला म्हणाला, “हे बघ तुझे पुरावे.” मी मान डोलावली. माझ्या डोक्यात त्या क्षणी नवीन पत्राची पहिली ओळसुद्धा तयार झाली होती. खोटं कशाला सांगू?

पायथ्याच्या पाड्यावर मास्तरांच्या ओळखीचं एक घर होतं. गाडी तिथे लावायची, पाणी भरून घ्यायचं आणि निघायचं, असा बेत. अंगणात आंब्याखाली आमचुराचं काम चाललं होतं. धडगाव भागात एप्रिल-मे म्हणजे आमचुराचा हंगाम. मोहाची फुलं वेचून होतात न होतात तोच गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि वाळवायच्या. घरातली म्हातारी, सून आणि एक दहा-बारा वर्षांची मुलगी, तिघी बसल्या होत्या. मुलगी कैरी हातात फिरवायची आणि सालीची एक सलग पट्टी खाली पडायची. न बघता. तिची नजर आमच्या बुटांवर होती, हात कैरीवर. म्हातारी सोललेल्या कैरीच्या फोडी करून सुपात टाकत होती. पलीकडे कातळावर आदल्या दिवसांच्या फोडी पसरलेल्या: कालच्या पांढऱ्या, परवाच्या पिवळट, त्याआधीच्या करड्या तपकिरी, कडा वळलेल्या. सगळ्या अंगणाला आंबट वास होता. तिघींच्या बोटांची कातडी चिकाने काळी पडली होती आणि नखांच्या कडा सोलवटल्या होत्या. आमच्या स्वयंपाकघरात चिमूटभर आमचूर पडतं, त्यामागे ही बोटं असतील, असा विचार मी कधी केला नव्हता. व्यापारी ठरवेल तो भाव, आणि वाळण्याआधी वळवाचा पाऊस आला तर तोही नाही.

घरातला म्हातारा बाजेवर बसला होता. मास्तरांनी ओळख करून दिली, “बाबा, हे तळोद्याचे.” त्याने पाणी मागवलं. आम्ही टेकलो.

मी त्याला त्या काळ्या वर्तुळांबद्दल विचारलं. सुरात थोडी मास्तरकी होती, माझ्याच. तो म्हणाला, “मोहाखाली जाळतो. पाला राहिला तर फूल दिसत नाही. झाडू मारतो कडेनं, मग लावतो.”

“पण आग पसरते ना बाबा?”

“सुटते कधी,” तो म्हणाला. “सुटली तर आमचंच गवत जातं. ढोरांना काय घालायचं मग?”

कबुलीही होती आणि उत्तरही. मला कबुली तेवढी ऐकू आली.

मग मेडिकलवाल्याने ते वाक्य टाकलं. त्याचा स्वभाव चेष्टेखोर आहे, मनात कपट नाही, हे आधी सांगतो. घराकडे बघत तो म्हणाला, “बाबा, खांब तर सगळे सागाचे दिसतात. परमिट काढलं होतं का?” आणि हसला. आम्हीही हसलो. मीही.

म्हातारा रागावला नाही. त्याने वळून आपल्या घराकडे नीट पाहिलं, जणू पहिल्यांदाच मोजतोय. “आठ आहेत,” तो म्हणाला. “बापानं उभे केले. परमिट नव्हतं. दंड भरला.” मग त्याने माझ्याकडे बघितलं. मेडिकलवाल्याकडे नाही, माझ्याकडे. आग कशी पसरते हे मी विचारलं होतं म्हणून असेल. “तळोद्याला तुमचं घर जुनं?”

“हो. आजोबांच्या वेळचं.”

“किती खांब?”

मला आकडा माहीत होता. आमचं घर धाब्याचं होतं, दोन चौकांचं. पावसाळ्यात बाहेर जाता येत नसे तेव्हा आम्ही भावंडं खांबांना शिवाशिवी खेळायचो. प्रत्येक खांबाला नंबर होता.

“बावीस होते,” मी म्हणालो.

“होते?”

“विकले. घर पाडलं, स्लॅबचं बांधलं.”

तो थोडा विचार करून म्हणाला, “चांगला भाव आला असेल.”

टोमणा नव्हता तो. खरंच चौकशी होती. शेजारच्याने बैल विकला तर आपण विचारतो, तशी. आणि भाव चांगलाच आला होता. जुन्या सागाचा व्यापारी बाहेरून आला होता. त्याने एका खांबाचा वरचा रंग खरवडला, आतली रेघ बघितली, नखाने टोकरलं आणि म्हणाला, असा सातपुड्याचा साग आता मिळत नाही, पैसे टाकले तरी मिळत नाही. आमचे वडील अभिमानाने म्हणाले होते, “आता कुठला मिळायला!” मी तिथेच उभा होतो. घनफुटाचा हिशेब कागदावर मीच केला होता.

आता मिळत नाही. का मिळत नाही? आमच्याच अंगणात, आमच्याच तोंडून ते उत्तर निघालं होतं, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं मी ओट्यावर बसून ‘जंगल कुणी खाल्लं’ यावर बोलत होतो. मला हा मूर्खपणा वाटत नाही. मूर्खाला माफी असते. मला सगळी माहिती होती, ती फक्त दोन वेगळ्या कप्प्यांत होती आणि मी ते कप्पे एका वेळी कधी उघडले नाहीत. सोयीचं नव्हतं.

म्हाताऱ्याने पुढे सांगितलं ते थोडक्यात असं. त्याचा बाप कूपात कामाला होता. कूप म्हणजे जंगलखात्याने तोडीला काढलेला पट्टा. आधी ठेकेदार असायचे, नंतर जंगल कामगारांच्या सोसायट्या आल्या. झाडं पाडायची, छाटायची, ओढत गाडीवाटेपर्यंत आणायची. लाकूड जायचं तळोद्याला. “तुमच्याकडं वखारी होत्या ना,” तो म्हणाला, “मीबी आलो गाडीबरोबर, लहान होतो.” वखारी होत्याच. माझ्या लहानपणी त्यातल्या काहींची नावं उरली होती.

मग त्याने सुनेला काही सांगितलं. ती आतून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. वनहक्काच्या दाव्याचे कागद. वर एक फोटो, खाली अर्ज, आणि सगळ्यात खाली घडीवर फाटलेल्या, पिवळ्या पडलेल्या छोट्या पावत्या. दंडाच्या पावत्या. एकावर माझ्या जन्माआधीचं साल होतं. शाई उडालेली, रक्कम काही रुपयांची, गुन्ह्याच्या जागी नांगरटीचा उल्लेख. तो जंगलात शेती करतो म्हणून सरकारने वेळोवेळी त्याच्याकडून आणि त्याच्या बापाकडून दंड घेतला होता. आणि कायदा आला तेव्हा त्याच पावत्या पुरावा ठरल्या, की हा माणूस 2005च्या कितीतरी आधीपासून इथे नांगर धरतोय. मास्तर म्हणाले, या भागात पुष्कळ घरांत अशा पिशव्या आहेत. ज्यांनी पावत्या फेकल्या किंवा ज्यांना पावती न देताच पैसे घेतले गेले, त्यांना जड गेलं.

माझ्या पत्रात मी विचारलं होतं, ‘पुरावा काय?’

इथे मी बदललो असं लिहिलं तर ते खोटं होईल. प्रत्यक्षात मी चिडलो. चढायला लागलो आणि मनात वकिली सुरू झाली. आमचं लाकूड कायदेशीर होतं. आजोबांनी पैसे मोजून घेतलं होतं. एकदा घेतलं, शंभर वर्षं टिकवलं. यांचं दरवर्षी चालतं. बावीस खांब म्हणजे काय मोठं! शिवाय एका माणसाच्या बोलण्यावरून… वगैरे. प्रत्येक मुद्दा बिनतोड होता आणि प्रत्येक मुद्द्यानंतर मला आणखी एक लागत होता. खरं बोलणाऱ्याला एवढे मुद्दे लागत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

ऊन लवकरच चढलं. दिवाळीत जी वाट गवतातून जाते ती आता नुसती मुरमाची होती, पाय ठेवला की सरकणारी. पळस, धावडा विरळ होत गेले. सालईची झाडं तेवढी उभी, पान नाही, साल कागदासारखी सुटलेली. एका वळणावर मास्तरांनी वाळलेल्या गवताचं पातं चुरगळून माझ्या नाकापुढे धरलं. रोशा. उन्हातही वास होता, गुलाबाच्या जवळपासचा. या गवताचं तेल काढून विकायचा धंदा खानदेशात एकेकाळी मोठा होता. मेडिकलवाला दर वीस पावलांवर विचारत होता, “कितलं दूर शे भो?” आणि मास्तर दरवेळी “हे काय, आलंच,” म्हणत होते. शेवटचा टप्पा खडकाचा. हात टेकावे लागतात. खडक तापले होते, नाशिकवाल्याने रुमाल हाताला गुंडाळला. रात्री मशालीच्या उजेडात आपण हे कसं चढलो होतो, याचं आता आश्चर्य वाटत होतं. खालची दरी तेव्हा दिसत नव्हती, हेच त्याचं उत्तर.

वर देवाची जागा, वाऱ्याने चिंध्या झालेली निशाणं आणि यात्रेकरूंनी, म्हणजे आम्हीच, टाकलेल्या पाण्याच्या प्लॅस्टिक पिशव्या. सावली जेमतेम एका खडकाची. तिथे बसून कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. हवा धुरकट होती, पण रांगामागे रांगा दिसत होत्या. सगळ्या तपकिरी. मधूनच शेतांचे चौकोन, उतारावर चढत गेलेले.

मेडिकलवाला घास गिळून म्हणाला, “बघ. सगळं बोडकं केलं यांनी.”

माझं वाक्य होतं ते. शब्द न् शब्द माझं. ओट्यावर मी ते इतक्या वेळा म्हटलं असेल, की त्याने कदाचित माझ्याकडूनच उचललं असेल. पण दुसऱ्याच्या तोंडून, त्या जागी बसून, हातात भाकरी धरून ते ऐकलं आणि माझी मान नेहमीसारखी हलली नाही. एवढंच झालं. कुणी काही पटवून दिलं नाही, साक्षात्कार वगैरे नाही. फक्त मान हलली नाही, आणि ती हलली नाही हे मित्राच्याही लक्षात आलं. “काय रे?” तो म्हणाला.

मी म्हटलं, “आमचे बावीस. तुमच्या घरात किती होते?”

“तुला लागलं वाटतं म्हाताऱ्याचं!”

“लागलं. तू सांग ना.”

त्याने सांगितलं नाही. त्यांचा वाडा आमच्याहून मोठा होता. नाशिकवाल्याने विषय बदलायचा प्रयत्न केला. मास्तर तेव्हा बोलले. उत्तरेकडे हात करून म्हणाले, “तिकडे खाली नर्मदा आहे. आज दिसत नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुव्याची मिळून 33 गावं आली. तिन्ही राज्यांचं धरून साडेतेरा हजार हेक्टरच्या आसपास जंगल त्या पाण्याखाली. ते कुणाच्या खात्यात लिहायचं?”

“ते देशासाठी होतं,” मेडिकलवाला म्हणाला.

“असेल,” मास्तर म्हणाले. “मी नुसतं खातं विचारतोय.”

मास्तरांना मी पंधरा-वीस वर्षं ओळखतो. माझं ते पत्र त्यांनी छापून आलं तेव्हाच वाचलं होतं. एका शब्दानेही ते कधी बोलले नव्हते. उतरताना मी त्यांना विचारलं, तेव्हाच का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, “तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सांगत होता.” हे मला म्हाताऱ्याच्या प्रश्नापेक्षाही जास्त लागलं.

घरी आल्यावर मी थोडं वाचन केलं, आधी करायला हवं होतं ते. ब्रिटिशांच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये तळोद्याची नोंद आहे: खानदेशातली लाकडाची मुख्य बाजारपेठ. रोशाच्या तेलाचा व्यापारही तिथेच, आणि खानदेशातल्या सगळ्यात चांगल्या लाकडी बैलगाड्या तळोद्यात बनतात, असंही म्हटलंय. ते वाचून क्षणभर गावाचा अभिमानच वाटला. मग लक्षात आलं की आपण आरोपपत्र वाचतोय. 1878च्या वनकायद्यानंतर डोंगर राखीव होत गेले, म्हणजे वरच्या माणसाची कुऱ्हाड गुन्हा ठरली आणि परवान्याची कुऱ्हाड महसूल. 1900च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून रेल्वे सुरू झाली, नंदुरबारला स्टेशन आलं. खोऱ्यातली गावं वाढली, घरं वाढली, गाड्या-नांगर-दारं-खिडक्या वाढल्या. झाडाला परवाना वाचता येत नाही, ते दोन्ही कुऱ्हाडींनी सारखंच पडतं.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी 1990च्या दशकापासून तिथलं उजाड रान राखून चारशेहून अधिक हेक्टरांवर पुन्हा जंगल उभं केलं. त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. हे मला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मी ते कौतुकाने चार लोकांना सांगितलंही होतं. पण सांगताना प्रत्येक वेळी ‘अपवाद’ हा शब्द जोडायचो. वणवा लागला की तो सगळ्यांचा, जंगल राखलं की तो अपवाद. असा हिशेब मी माझ्या जातीच्या, माझ्या गावच्या माणसांबद्दल कधी केला नसता.

आता याचा अर्थ असा नाही, की मी उलट्या टोकाला जाऊन बसलोय. खड्या उतारावरच्या नेवाडात दरसाल माती वाहून जाते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मोहाखालची आग सुटते तेव्हा रोपटी मरतात. म्हातारा स्वतःच ते म्हणाला. काही दावे खोटेही असतील. आदिवासी म्हणजे जंगलाचा पुजारी, असं म्हणणाऱ्यांचाही मला आता कंटाळा येतो. त्यांनाही वरच्या माणसाला काही विचारायचं नसतं, फक्त सांगायचं असतं. त्या बाबाला सातबाऱ्यावर नाव हवंय, आमचुराला बरा भाव हवाय, पावसाळ्यात घाट चालू हवाय. पुजारी व्हायला त्याला वेळ नाही.

मग जंगल परत कसं येणार, असं मेडिकलवाला मला विचारतो. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. दुकान बंद करताना तो मुद्दाम विषय काढतो. माझ्याकडे तयार उत्तर नाही, आणि पूर्वी होतं याचीच लाज वाटते. गावाकडे सामूहिक वनहक्क दिला, राखणीची जबाबदारी आणि त्यातलं उत्पन्न दोन्ही त्यांच्याकडे दिलं, तर काही ठिकाणी येतं, हे दिसतंय. सगळीकडे येईलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. छातीठोक सांगून झालंय एकदा.

त्या दैनिकाला दुसरं पत्र लिहावं, असं बरेच दिवस मनात होतं. तीन-चार वेळा बसलो. पहिलं पत्र एका बैठकीत झालं होतं. हे होईना, म्हणून हा लेख. तो छापून आला की मेडिकलवाला वाचेल आणि म्हणेल, बावीस खांबांनी कधी डोंगर बोडका होत नसतो. बरोबर आहे त्याचं. तळोद्यात तेव्हा तसली घरं किती होती, ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही.